‘आवाज छान आहे’ एवढ्यावर बातम्यांत येऊ नका, आधी हे करून बघा

आमच्या सोसायटीत दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी आई किंवा बाबा जिन्यात गाठतात आणि म्हणतात, अहो आमच्या हिचा आवाज फार छान आहे, शाळेत वक्तृत्वात कायम पहिली यायची, हिला टीव्हीवर बातम्या द्यायच्यात, काय करावं लागतं? आणि मी हातात दुधाची पिशवी घेऊन उभा असतो, तिथे काय सांगणार. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. मी आधी रेडिओवर कॅज्युअल होतो, म्हणजे बोलावलं की जायचं, मग बरीच वर्षं एका चॅनेलच्या पुणे ब्युरोत रिपोर्टिंग केलं, आता थोडं शिकवतो आणि बऱ्यापैकी निवेदनं, मुलाखती, व्याख्यानं करतो. मोठा बिठा कुणी नाहीये, त्यामुळे जे सांगतोय ते चुका करून शिकलेलं आहे.

पहिलं म्हणजे आवाजाचं कौतुक थोडं बाजूला ठेवा. चांगला आवाज असला तर बरंच, पण या धंद्यात पोट भरतं ते डोक्यात असलेल्या माहितीवर. ज्याला विषय माहितीये त्याची जीभ अडखळली तरी लोक थांबून ऐकतात, आणि ज्याला माहिती नाहीये त्याचा आवाज कितीही भारदस्त असू दे, दुसऱ्या मिनिटाला पोकळ वाजतो. सुधा नरवणेंच्या आवाजात आकाशवाणी पुण्याच्या बातम्या ऐकत ज्यांच्या सकाळी गेल्या (माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे त्यांचे चिरंजीव, हे बऱ्याच जणांना नंतर कळलं) त्यांना विचारा, त्या बातम्यांत नाटक नव्हतं. मुंबई दूरदर्शनवर प्रदीप भिडे वाचायचे तेही तसंच. वाचणाऱ्याला आपण काय वाचतोय ते समजलंय हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं, आणि समजलं नसेल तर तेही कळतं.

आता कोर्सचं पटकन उरकतो कारण सगळे तिथेच अडकतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, फर्ग्युसन रस्त्यावर, विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग, 1964 पासून. लॉ कॉलेज रस्त्यावर एफटीआयआय ही सिनेमा-टीव्हीची सरकारी संस्था आहे, तिथे टेलिव्हिजनचं शिक्षण मिळतं. लवळ्याला सिंबायोसिसचं मीडियाचं कॉलेज आहे, फी बघून या आणि मग घरी बोला. बाकी खासगी भरपूर. माझं मत विचाराल तर कोर्स करा, पण त्यातनं तीन गोष्टी मिळतात एवढंच धरून चाला, हाताळायला कॅमेरा, वाचायला लायब्ररी आणि पुढे दहा वर्षं कामाला येणारे मित्र. बोलायला कुणी शिकवत नाही, ते तुमचं तुम्हाला. आणि ‘तीन महिन्यांत अँकर बना’ अशी पाटी दिसली की सरळ पुढे चालायला लागा.

दुसरी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या, कारण यात खूप गोंधळ असतो. आरजे, म्हणजे रेडिओ जॉकी, हा पत्रकार नाही. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाहीये, द्यायच्याच तर आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावायचं. त्यामुळे मिर्ची किंवा रेडिओ सिटीवर काम मिळालं तर मजा आहे, गप्पा मारायला, वेळ सांभाळायला, माइकची भीती घालवायला उत्तम, पण बातमी शिकायला नाही. रेडिओवरची बातमी शिकायची तर आकाशवाणीच. तिथे नैमित्तिक वृत्तनिवेदक, उद्घोषक वगैरेंसाठी अधूनमधून जाहिरात निघते, लेखी परीक्षा असते, आवाजाची चाचणी असते, आणि बातम्यांसाठी असेल तर इंग्रजी कागद समोर टाकून भाषांतर करायला सांगतात. या भाषांतरात भले भले आपटतात. आवाजाची तयारी करून गेलेली पोरं ‘वॉटर रिसोर्सेस डिपार्टमेंट’ला मराठीत काय म्हणतात इथे बसतात. (जलसंपदा विभाग.) विद्यापीठाचा कम्युनिटी रेडिओ आहे, विद्यावाणी, 107.4 वर, शिकत असाल तर तिथे जरूर जाऊन बघा, पैसे नाही पण माइक मिळतो आणि चूक झाली तर जग बुडत नाही.

आणि टीव्ही. मराठी न्यूज चॅनेलांचे मुख्य स्टुडिओ मुंबईकडे. पुण्यात असतो तो ब्युरो, म्हणजे दोन-चार रिपोर्टर, कॅमेरामन, एक गाडी, एक खोली आणि चहाची उधारी. त्यामुळे ज्याला अँकरच व्हायचंय त्याने कधीतरी मुंबईला जायची तयारी ठेवावी, हे मी आईवडिलांना सांगितलं की निम्मे तिथेच गप्प होतात. पण मी उलटं सांगतो, पुण्यात रिपोर्टिंगपासून सुरुवात करणं हेच जास्त चांगलं, कारण इथे सगळं आहे. महापालिका, पोलीस आयुक्तालय, साखर आयुक्तालय, विद्यापीठ, लष्कराचं दक्षिण मुख्यालय, एमपीएससीची पोरं, पालखी, गणपती, धरणं. दोन वर्षं इथे पायपीट केली की महाराष्ट्रात कुठेही उभं केलं तरी तुम्ही बोलू शकता.

बरं, आता खरं काम. कानासाठी लिहायला शिका.

सगळ्यात जास्त वेळ याला द्या, कारण अख्खं करिअर यावर उभं राहतं आणि कुणीच याला वेळ देत नाही. पेपरातलं वाक्य डोळ्यासाठी असतं, नाही समजलं तर वाचणारा मागे जातो. रेडिओ-टीव्हीवर मागे जाता येत नाही. पेपरात असं येईल:

‘खडकवासला धरणसाखळी क्षेत्रात गेल्या 24 तासांत झालेल्या मुसळधार पावसामुळे पाणीसाठ्यात लक्षणीय वाढ झाली असून, मुठा नदीपात्रात सुरू करण्यात आलेला विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढविण्यात येणार असल्याची माहिती जलसंपदा विभागाच्या अधिकाऱ्यांनी दिली.’

हे एका दमात मोठ्याने वाचून बघा. ‘असून’पाशी श्वास संपतो. आणि ऐकणाऱ्याला काय कळलं? काही नाही. आता हेच बोला:

‘खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलंय. पाऊस थांबला नाही तर ते आणखी वाढवणार, असं जलसंपदा विभागाने सांगितलंय. नदीपात्रात गाडी लावली असेल तर आत्ताच काढा.’

तिसरं वाक्य बघा, ते पेपरातल्या बातमीत नव्हतंच. पण डेक्कनला गाडी लावून लक्ष्मी रस्त्याला खरेदीला गेलेल्या माणसाला तेवढंच हवंय. रोज सकाळी पेपरातली एक बातमी घ्या आणि तिची 30 सेकंदांची बोलीतली बातमी करा. लिहायची, मोठ्याने वाचायची, फोनवर रेकॉर्ड करायची, आणि मग घरातल्या अशा माणसाला ऐकवायची ज्याला तुमच्या करिअरमध्ये काडीचा रस नाही. मी आजीला ऐकवायचो. ती ऐकून झाल्यावर ‘म्हणजे काय रे?’ असं म्हणाली की बातमी परत लिहायची. स्टॉपवॉच लावून मोजा, मी आरामात, समजेल असं वाचलं की मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात, तुमचे थोडे कमीजास्त होतील, पण आपला आकडा आपल्याला पाठ पाहिजे, कारण प्रोड्यूसर कानात ‘तुला 40 सेकंद आहेत’ असं म्हणाला की किती शब्द शिल्लक आहेत ते तुम्हाला तिथल्या तिथे कळायला हवं.

‘करण्यात आलेले आहे’, ‘देण्यात येणार असल्याचे’ हे सगळं काढून टाका. कुणी केलं ते सांगा. ‘कारवाई करण्यात आली’ म्हणजे नक्की कुणी केली, पोलिसांनी, महापालिकेने, का वाहतूक शाखेने? नाव लपवायची ही सरकारी सवय आपल्या कॉपीत कधी शिरते ते कळत पण नाही.

उच्चारांवर आता येतो, आणि इथे मला जरा भांडायचंय. पुण्याबाहेरनं आलेल्या पोरांना इथे ‘ण’ आणि ‘न’वरनं, ‘ळ’वरनं इतकं छळतात की बिचारी बोलायचीच बंद होतात. इंदापूरचा, बार्शीचा, नांदेडचा हेल राहिला तर राहू द्या, त्याने बातमी खोटी होत नाही. पण काही गोष्टी पक्क्या पाहिजेतच. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार नीट माहिती हवेत, म्हणजे खायला आणतो तो गुरांचा ‘चारा’ वेगळा आणि ‘चार’ गुरं वेगळी, ‘जरा थांबा’मधला ज वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’तला वेगळा. लिहिताना सारखे, बोलताना नाही, आणि हे कुठल्या नियमात पाठ करून येत नाही, ऐकूनच येतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकडे. मराठी आकडे हा खरा सापळा आहे, आणि त्यात पुण्याचेही तितकेच अडकतात. 59 एकोणसाठ, 69 एकोणसत्तर, 79 एकोणऐंशी, 89 एकोणनव्वद. 63 त्रेसष्ट, 73 त्र्याहत्तर, 83 त्र्याऐंशी, 93 त्र्याण्णव. इंग्रजी माध्यमातली पोरं लाइव्हमध्ये ‘सेव्हंटी नाइन’ म्हणून मोकळी होतात, आणि मराठी माध्यमातली घाईत एकोणसत्तर म्हणून दहा माणसं कमी करतात. अपघाताच्या बातमीत दहा माणसं कमी म्हणजे काय ते सांगायला नको. एक ते शंभर उलटे म्हणा, रोज, आंघोळ करताना. हसू नका, मी अजून म्हणतो.

कागदावर खुणा करायची सवय लावा. जिथे थांबायचं तिथे तिरकी रेघ, जिथे जास्त थांबायचं तिथे दोन, ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्याखाली रेघ, आणि ही खालची रेघ एका वाक्यात एकच. सगळ्यावर जोर दिला की कशावरच दिल्यासारखा वाटत नाही. नावं तोडून लिहा, परदेशी नाव असेल तर देवनागरीत आपल्याला म्हणता येईल असं. टेलिप्रॉम्प्टर (कॅमेऱ्यासमोर मजकूर सरकवणारा पडदा) आला तरी कागद हातात ठेवा, प्रॉम्प्टर अडकतो तेव्हाच अडकतो जेव्हा अडकायला नको.

आवाजाची काळजी म्हणाल तर झोप, पाणी आणि ओरडणं बंद. विसर्जनाच्या दिवशी ढोलताशाच्या वरचढ ओरडून बोलायला जाल तर दुसऱ्या दिवशी गळ्यातून नुसती हवा येईल. माइक तोंडाजवळ घ्या आणि नेहमीच्या आवाजात बोला, माइक त्यासाठीच असतो. बाकी लवंग, ज्येष्ठमध, गरम पाणी ज्याला जे पटतं ते करा.

आता लाइव्ह. याची सगळ्यांना भीती वाटते आणि वाटायलाच पाहिजे.

समजा जुलै महिना आहे, मुठेवरच्या बुटक्या भिडे पुलावर पाणी आलंय आणि असाइनमेंट डेस्कवरून (कुणी कुठे जायचं ते ठरवणारे लोक) फोन आला की पाच मिनिटांत लाइव्ह दे. तुमच्याकडे कॅमेरामन आहे, बॅगेतलं लाइव्ह युनिट आहे, डोक्यावर छत्री धरायला तिसरा हात नाही. अशा वेळी कार्डावर तीन गोष्टी लिहा, तीनच. आत्ता समोर काय दिसतंय, मघापासून काय बदललं, आणि पुढच्या दोन तासांत काय होणार आहे. तिन्हीला एकेक आकडा किंवा एकेक जागेचं नाव जोडा. बस. उरलेलं डोक्यात आधीपासून असायला पाहिजे, आणि इथेच ती पायपीट कामाला येते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून 29.15 टीएमसीची, हे पावसाळा सुरू व्हायच्या आधी पाठ पाहिजे. टीएमसी म्हणजे काय? 100 कोटी घनफूट, साधारण 2831 कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. म्हणजे 30 हजार क्युसेक सोडलं असं नुसतं म्हणण्यापेक्षा ‘दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ 85 टँकर नदीत ओतल्यासारखं’ असं म्हटलं की घरात बसलेला माणूस पोह्याचा घास हातात धरून टीव्हीकडे बघतो. आणि 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं होतं हे ज्याला माहिती आहे त्याला हेही कळतं की पुण्यातली म्हातारी माणसं मुठेचं पाणी वाढलं की इतकी अस्वस्थ का होतात. त्याचा लाइव्हमध्ये उल्लेख करायचा का? शक्यतो नाही, उगाच घबराट होते. पण माहिती असलं की तुमचा सूर आपोआप बदलतो, पाण्यात सेल्फी काढणाऱ्यांबरोबर खिदळत बाइट (कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया) घेत नाही तुम्ही.

तांत्रिक दोन गोष्टी. अँकरने प्रश्न विचारल्यापासून तुमच्या कानात पोचेपर्यंत एक-दोन सेकंद जातात, तेवढा वेळ कॅमेऱ्याकडे शांत बघत उभं राहायचं, मान डोलवायची, ‘हॅलो हॅलो’ करायचं नाही. आणि बोलून झालं की पीसीआरमधनं (स्टुडिओची कंट्रोल रूम) ‘क्लिअर’ ऐकू येईपर्यंत हलायचं नाही, नाक पुसायचं नाही, कॅमेरामनला ‘कसं झालं रे’ विचारायचं नाही, आणि शिवी तर अजिबात नाही. प्रत्येक ब्युरोत यावरचा एक तरी किस्सा असतो, तुमच्यावरचा होऊ देऊ नका.

माझाच एक सांगतो. विसर्जन मिरवणूक, अलका टॉकीजचा चौक, माझा पहिलाच मोठा लाइव्ह, मागे ढोल, समोर गर्दी, आणि मी मानाच्या गणपतींचा क्रम सांगताना तिसरा तुळशीबाग म्हणून मोकळा झालो. शेजारी खुर्ची टाकून सकाळपासून बसलेले एक आजोबा उठले, सरळ फ्रेममध्ये आले आणि माझ्या माइकमध्येच म्हणाले, ‘तिसरा गुरुजी तालीम. तुळशीबाग चौथा. कुठले तुम्ही?’ सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं. मी पुण्याचाच, जन्माने, हे सांगायची पण सोय राहिली नाही. तेव्हापासून कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे झोपेत पण म्हणतो. पण खरी गोष्ट पुढची आहे, मी त्या वेळी सारवासारव करायला गेलो नाही, ‘बरोबर आहे आजोबा, माझं चुकलं’ असं म्हटलं आणि पुढे गेलो, आणि डेस्कवरनं मला ओरडा पडायच्या ऐवजी तो तुकडा दिवसभर परत परत लावला. चुकलं की तिथल्या तिथे, सरळ वाक्यात दुरुस्त करा. माहिती नसेल तर ‘हे अजून कळलेलं नाही’ असं म्हणा. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हे सूत्र खरंच असेल तरच वापरा, फोनवर फिरणारा मेसेज म्हणजे सूत्र नाही.

कायद्याचं थोडं, हे चुकवू नका. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काही दाखवणं हा गुन्हा आहे, जुन्या आयपीसीत कलम 228ए होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम 72 झालंय. अल्पवयीन मुलांचं पण तसंच, बाल न्याय कायद्याचं कलम 74, मूल आरोपी असो की पीडित, नाव, शाळा, पत्ता, फोटो काही नाही. नवीन पोरं नाव सांगत नाहीत पण सोसायटीच्या पाटीसमोर उभं राहून पीटीसी (कॅमेऱ्याकडे बघून बोलायचा तुकडा) करतात, आणि मागे वॉचमन केबिनवर नाव लिहिलेलं. ओळख अशीच फुटते. लाइव्हच्या आधी मागे वळून बघा, फ्रेममध्ये काय काय येतंय.

बाइट घेताना दोन शब्द. प्रश्न छोटा विचारा आणि गप्प बसा. आपल्याला वाटतं मोठा प्रश्न विचारला म्हणजे आपण हुशार, पण समोरचा ‘हो’ म्हणतो आणि बाइट संपला. ‘काय झालं सांगा’, ‘मग?’, ‘तुम्ही काय केलंत?’ एवढ्यावर मी निम्मं करिअर काढलंय. आणि उत्तर संपल्यावर दोन सेकंद माइक खाली घेऊ नका, खरं वाक्य त्यानंतर येतं.

आता स्टेजकडे येऊ. रिपोर्टिंगमध्ये चार-पाच वर्षं गेली, चेहरा थोडा ओळखीचा झाला की आपोआप फोन यायला लागतात, कॉलेजचं गॅदरिंग, रोटरी, ज्येष्ठ नागरिक संघ, पुस्तक प्रकाशन. पुणं यासाठी भारी आहे, इथे बोलायला आणि ऐकायला लोक कधी कमी पडत नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे, टिळक स्मारकला, भर उन्हाळ्यात. बोलायला शिकायचं असेल तर तिथे आठ-दहा दिवस मागच्या रांगेत जाऊन बसा, वक्त्याकडे कमी बघा आणि श्रोत्यांकडे जास्त. कुठल्या वाक्याला खुर्च्या वाजल्या, कुठे खोकले सुरू झाले, काका घड्याळाकडे कधी बघायला लागले, ते वहीत लिहा. मला जे कुठल्याच कोर्सने शिकवलं नाही ते या खोकल्यांनी शिकवलं.

टीव्हीवर बोलणारे स्टेजवर आपटतात याचं कारण असं की टीव्हीवर आपण एकाच माणसाशी बोलत असतो, घरातल्या सोफ्यावरच्या, आणि 90 सेकंदांत संपवतो. स्टेजवर 40 मिनिटं आहेत आणि समोर 300 माणसं, ती तुमच्याकडे बघतायत आणि एकमेकांकडे पण. माझी पद्धत सांगतो. भाषण पूर्ण लिहायचं नाही, लिहिलं की ते वाचल्यासारखं होतं. एक कागद, त्यावर पाच प्रसंग, स्वतः बघितलेले, त्या प्रत्येकाला एक नाव, ‘अलका चौकातले आजोबा’ असं. प्रत्येक प्रसंगातून काय म्हणायचंय ते एका ओळीत. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पाठ, शब्दन् शब्द. 40 मिनिटं दिली असतील तर 30 ची तयारी करा, पाच मिनिटं आधीचा सत्कार लांबून जातातच आणि पाच तुमच्या पाण्याच्या घोटांत. आणि ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणून दहा नावं घेण्यात पहिली दोन मिनिटं घालवू नका, सूत्रसंचालकाने ती घेतलेली असतात. सरळ पहिल्या प्रसंगात घुसा. एखादे अध्यक्ष रुसतात, रुसू दे.

सराव कुठे करायचा? टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत पुण्यात बरेच, ही संस्था 1924 पासूनची, मूळ कॅलिफोर्नियाची. बरेचसे इंग्रजीत चालतात, पण त्यांचा तो दिव्यांचा प्रकार फार उपयोगी आहे, पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचला हिरवा, सहाला पिवळा, सातला लाल. आणि एक माणूस फक्त तुमचे ‘अं...’ मोजत बसलेला असतो. मराठीत आपल्याला ‘अं’ची सवय कमी, आपलं ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ आणि ‘जे आहे ते’. रेकॉर्डिंग ऐका आणि मोजा, एका मिनिटात सहापेक्षा जास्त ‘म्हणजे’ आले तर त्या जागी नुसतं थांबायला शिका. हे सगळं नको असेल तर सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन मागून घ्या, त्याच्याइतका निर्दयी श्रोता नाही, पहिल्या रांगेतली पोरं तुमच्यासमोर वेफर्स खातात.

निवेदन-सूत्रसंचालनातनं पैसे मिळतात, बऱ्यापैकी. पण मानधन आधी ठरवा, फोनवर ठरलं तर लगेच मेसेज करून ठेवा, ‘ठरल्याप्रमाणे अमुक रुपये, तारीख, वेळ, जाण्यायेण्याचं वेगळं’. मराठी माणसाला पैशाचं बोलायला लाज वाटते आणि मग घरी शाल, श्रीफळ आणि आधीच असलेलं पुस्तक घेऊन येतो. माझ्याकडे एका वर्षी 17 नारळ जमले होते, चटणी करून करून बायको वैतागली. पाहुण्यांची ओळख करून देणार असाल तर त्यांना स्वतःला फोन करा, नावाचा उच्चार, हुद्दा, आणि काय सांगू नये हे विचारा. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, इंटरनेटवरनं उचललेल्या माहितीत माणूस अजून त्या संस्थेत असतो जिथून तो भांडून बाहेर पडलाय.

आणि एक पथ्य, हे मात्र मी कडक पाळतो. ज्यांच्यावर बातम्या करता त्यांच्या स्टेजवर पैसे घेऊन उभं राहू नका. बिल्डरच्या प्रोजेक्टच्या उद्घाटनाला निवेदन केलं, की सहा महिन्यांनी त्याच प्रोजेक्टच्या पाण्याच्या तक्रारीची बातमी तुमच्याकडे आल्यावर काय करणार? वाढदिवसाच्या अभीष्टचिंतन सोहळ्याला राजकीय पाहुण्यांचं गुणगान केलं, की निवडणुकीत त्यांना प्रश्न कसा विचारणार? लोक लक्षात ठेवतात. मी एकदा नाही म्हटलं तर समोरचा म्हणाला, अहो दुसरे सगळे करतात. करतात, खरंय. ज्याला दोन्ही करायचंय त्याने रिपोर्टिंग सोडून पूर्णवेळ निवेदक व्हावं, तोही चांगला धंदा आहे, त्यात कमीपणा काही नाही, पण दोन्ही दगडांवर पाय नको.

मोबाइलवर स्वतःचं चॅनेल काढू का असं पण बरेच विचारतात. काढा ना. फोन, एक साधा कॉलर माइक आणि खिडकीसमोरचा उजेड एवढं पुरतं. फक्त दुसऱ्यांच्या बातम्या वाचून दाखवू नका, आपल्या प्रभागाचं काहीतरी धरा, कचरा, बस, पाण्याची वेळ, आणि आठवड्याला एक, पण स्वतः जाऊन, स्वतः विचारून केलेलं. नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर सर्टिफिकेटच्या फाइलपेक्षा असे दहा व्हिडिओ जास्त बोलतात, मी स्वतः मुलाखती घ्यायला बसलोय तेव्हा तरी तसंच झालंय.

तर सुरुवात करायची असेल तर उद्याच करा. सकाळी सातच्या सुमारास आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लावा, रेडिओ नसेल तर मोबाइल ॲपवर. हातात वही घ्या, पण काय सांगितलं ते लिहायचं नाही, वाचणारा कुठे कुठे थांबला ते लिहायचं, रेघा मारत. मग बुलेटिन संपलं की पेपर उघडा, एक बातमी निवडा, आणि तिची 30 सेकंदांची करून घरात जो कुणी समोर येईल त्याला ऐकवा. ‘म्हणजे काय रे?’ असं म्हणाला तर परत लिहा.